खरखरीतला गंधार

मिरजेत आमच्या घरामागच्या गल्लीत तंतुवाद्यांची दुकानं होती. शाळा सुटली की मी तिथं हटकून थांबायचो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे ओळीनं मांडलेले असत आणि दारातच एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले असत. हाडाच्या घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार जागेवर आणायची, छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा घालून तो केसाकेसानं पुढंमागं सरकवायचा. धागा नेमक्या जागी आला की इतका वेळ मुकी वाजणारी तार एकदम झणाणून उठे, मधमाश्यांचं पोळं जागं व्हावं तशी. ‘आता बोलायला लागली,’ ते म्हणत.

सोळाव्या वर्षी डिस्टॉर्शन लावलेली इलेक्ट्रिक गिटार ऐकली तेव्हा मला तो झणत्कार आठवला. पुढं नव्वदच्या दशकातली ऑल्टरनेटिव्ह रॉकची गाणी मी ज्या वेडानं ऐकली, त्याचं मूळ मला त्या गल्लीतच सापडतं. त्या गाण्यांतल्या खरखरीची मला भीती वाटली नाही, कारण खरखरीतून स्वर कसा उमलतो ते मी लहानपणापासून बघत आलो होतो.

आमच्याकडे केबल आली ती ९२ साली. केबलवाल्यानं गच्चीवर तार टाकली आणि हाँगकाँगहून प्रक्षेपित होणारं एमटीव्ही मिरजेच्या माजघरात आलं. त्यावर पाहिलेलं माझ्या लक्षात राहिलेलं पहिलं गाणं म्हणजे आर.ई.एम.चं ‘लूझिंग माय रिलिजन’. खिडकीतला दुधाचा जग कलंडतो, पाऊस पडत असतो, आणि मग मेंडोलिन सुरू होतं. रॉकच्या गाण्यात मेंडोलिन! बँडचा गिटारवादक पीटर बक हे वाद्य नुकतंच शिकत होता आणि शिकता शिकता त्याच्या हाताला ही चाल लागली. गाण्याच्या नावाचा धर्माशी संबंध नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात संयम सुटण्याला, माणूस टेकीला येण्याला तसं म्हणतात. व्हिडिओतली रंगगर्द दृश्यं मात्र मला कॅलेंडरवरच्या देवादिकांसारखी ओळखीची वाटली होती. त्याचा दिग्दर्शक तरसेम सिंग हा जालंधरमध्ये जन्मलेला, हे पुष्कळ उशिरा कळलं.

आर.ई.एम. हा जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावचा बँड. मोठ्या कंपन्या आणि मोठी रेडिओ स्टेशनं ज्यांना विचारत नव्हती, अशांची गाणी तिकडं कॉलेजातली पोरं स्वतःच्या छोट्या रेडिओ स्टेशनांवरून वाजवत. ऑल्टरनेटिव्ह म्हणजे मुळात हा आडरस्ता. तो हमरस्ता झाला तो निर्वाणा या बँडमुळं. सप्टेंबर १९९१ मध्ये त्यांचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला तेव्हा कंपनीनं पहिल्या खेपेला पन्नास हजारांहूनही कमी प्रती काढल्या होत्या. जानेवारी ९२ मध्ये त्यानं मायकेल जॅक्सनला बाजूला सारून अमेरिकेत पहिला नंबर गाठला.

मला तो मिळाला ९३ च्या पावसाळ्यात, पुण्याच्या हॉस्टेलवर. एका सीनियरकडं अस्सल कॅसेट होती. टीडीकेची कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट घेऊन मी त्याच्या खोलीवर गेलो आणि भरून घेतली. भरताना दोन डेक समोरासमोर बसलेले, खोलीत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा त्याचा दंडक होता. खरं तर बोलण्याचा आणि भरण्याचा काही संबंध नव्हता, पण आम्ही पाळायचो. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’चे पहिले चार स्वरसमूह साध्या गिटारवर येतात, आणि मग ड्रमचा लोंढा येऊन तीच चाल डिस्टॉर्शनमध्ये कोसळते. हळू, मग प्रचंड, पुन्हा हळू, ही रीत पिक्सीज या बँडकडून घेतली, हे निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन यानं स्वतःच कबूल केलं होतं.

इथं मिरजेकडं थोडं वळायला हवं. अशा गाण्यांत गिटारवादक बहुधा पूर्ण कॉर्ड वाजवत नाही, पॉवर कॉर्ड वाजवतो. त्यात दोनच स्वर असतात, षड्ज आणि पंचम. गंधार वगळलेला असतो. आपला तंबोराही बहुधा पंचम आणि षड्जातच लावलेला असतो. तरीही चांगली जवारी लागली की त्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. तार घोडीच्या उतरत्या पाठीला घासत कंप पावते, त्यामुळं एका स्वराबरोबर कितीतरी उपस्वर उठतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा-तंबोऱ्यावर जो निबंध लिहिला, तो याच नवलावर. तार जिथं छेडली तिथले जे उपस्वर नियमानं गायब असायला हवेत, तेही या वाद्यांत हजर असतात. डिस्टॉर्शनमध्ये काम वेगळ्या वाटेनं होतं. ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेरचा आवाज दिला की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात आणि त्या छाटण्यातूनच नवे उपस्वर जन्मतात. षड्ज-पंचम मिळून त्यांतही गंधार उगवतो. वाजवणाऱ्यानं न वाजवलेला तो स्वर हॉस्टेलच्या खोलीत मला स्पष्ट ऐकू आला होता, आणि सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

आईला मात्र हे पटलं नाही. सुट्टीत घरी कॅसेट लावली तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, घसा किती खरवडतोय तो पोरगा! दुखत असेल रे त्याला.’ आई सांगलीची. आशाबाई भोसले सांगलीच्या म्हणून त्यांच्यावर तिचा माहेरचा हक्क. तिच्या कानाला गळा म्हणजे आशाबाईंचा. पण दुखत असेल, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. एप्रिल ९४ मध्ये सिॲटलच्या राहत्या घरी कोबेननं जीव दिला. वय सत्तावीस. आम्हाला बातमी वर्तमानपत्रातल्या चार ओळींतून कळली. त्या रात्री सीनियरच्या खोलीत पाचसहा जण जमलो, कॅसेट लावली नाही, नुसते बसून राहिलो.

त्यानंतर वर्षाअखेरीस ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ची मैफल कॅसेटवर आली. ती नोव्हेंबर ९३ मध्ये न्यूयॉर्कला झालेली. कमी आवाज, सोबतीला चेलो, आणि शेवटी लेडबेलीनं गाजवलेलं एक जुनं लोकगीत. शेवटच्या ओळीत कोबेन तार तुटेल इतका आवाज वर नेतो, मधेच थांबतो, श्वास घेतो, आणि मग ओळ पुरी करतो. तो श्वास कॅसेटवर स्वच्छ ऐकू येतो. माझ्या मते त्या सगळ्या दशकाचं सर्वांत मोठं गाणं तेच, आणि ते त्याचं स्वतःचंही नव्हतं.

सिॲटलचे बाकीचे बँडही ऐकले. साउंडगार्डनचं ‘ब्लॅक होल सन’ चालीनं अवघड आणि ऐकायला गोड. पर्ल जॅमच्या ‘ब्लॅक’वर प्रेमभंग झालेल्या आमच्या अख्ख्या मजल्यानं रात्री काढल्या. इंग्लंडमधल्या रेडिओहेडच्या ‘क्रीप’मध्ये धृपदाआधी जॉनी ग्रीनवुड गिटारवर जो घणाघात करतो, तो त्याला गाणं फार शांत वाटलं म्हणून. ते मोडायला गेला आणि त्याच ठिकाणी गाणं जिवंत झालं. अनेक वर्षांनी हाच ग्रीनवुड जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी गायक-वादकांबरोबर ‘जुनून’ ध्वनिमुद्रित करत होता, आणि मला नवल वाटलं नाही.

क्रॅनबेरीजच्या ‘झोंबी’वर मात्र थांबावंच लागेल. १२ मार्च १९९३. माझी बारावीची परीक्षा चालू होती. मुंबईत बॉम्बस्फोट झाले तेव्हा मामा फोर्टमध्ये नोकरीला. मिरज स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर रांग रस्त्यापर्यंत आली होती. आई रिसिव्हर कानाला लावून उभी, पलीकडून नुसती खरखर. रात्री साडेदहाला फोन लागला. मामा चालत घरी पोहोचला होता. त्या दिवशी २५७ माणसं गेली. बरोबर आठ दिवसांनी, २० मार्चला, इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या बाजाररस्त्यावर कचरापेट्यांत ठेवलेले आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचे बॉम्ब फुटले आणि तीन वर्षांचा एक आणि बारा वर्षांचा एक, अशी दोन मुलं गेली. क्रॅनबेरीज हा आयर्लंडमधल्या लिमरिकचा बँड. त्याची गायिका डोलोरेस ओ’रिऑर्डन हिनं त्या मुलांसाठी हे गाणं लिहिलं, आणि हे आमच्या नावानं करू नका, असं आपल्याच लोकांना बजावलं. तिचा एरवीचा आवाज मऊ. या गाण्यात ती तो मधूनच फोडते, आयरिश बायकांच्या जुन्या विलापासारखा. ९५ मध्ये हॉस्टेलवर ते ऐकताना मला एसटीडी बूथ आठवला, आईच्या कानाला लावलेला रिसिव्हर आठवला. ओ’रिऑर्डन जानेवारी २०१८ मध्ये गेली. त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी ते गाणं पुन्हा पूर्ण ऐकलं.

९७ मध्ये मुंबईत नोकरी लागली. रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक या संगीत महोत्सवाला जायचो. काळ्या टीशर्टांच्या गर्दीत घामानं भिजून धोबी तलावावर चहा प्यायचा आणि शेवटची लोकल गाठायची. काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये पगारातून पहिल्यांदा अस्सल कॅसेट विकत घेतली. तिथंच, ९८ च्या सुरुवातीला, काउंटरमागून एक गाणं कानावर आलं आणि मी हातातली कॅसेट तशीच धरून उभा राहिलो. इंग्रजी इंडी बँड, साधी दोनतीन कॉर्डांची गिटार, आणि गाणारा चक्क आशाबाईंचं नाव घेत होता. लताबाईंचं, रफींचंही. कॉर्नरशॉपचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. बँड लेस्टरचा, गाणं लिहिणारा तजिंदर सिंग. परमुलखात वाढणाऱ्या पोराला जुन्या तबकड्या आणि ट्रान्झिस्टर कसा आधार देतात, त्याचं ते गाणं. मूळ गाणं फारसं वर गेलं नव्हतं. फॅटबॉय स्लिमनं नव्यानं बांधलं आणि फेब्रुवारी ९८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर पोहोचलं.

कॅसेट घरी नेली. आईनं दोनदा ऐकली. ‘आपल्या आशाबद्दलच म्हणतोय ना?’ तिनं खात्री करून घेतली आणि शेजारच्या काकूंना बोलावून आणलं.

मग २००२. आई गुडघ्याच्या इलाजासाठी माझ्याकडं मुंबईला आलेली. वन जायंट लीप नावाच्या प्रकल्पातलं ‘द वे यू ड्रीम’ हे गाणं मी लावलं आणि काही न सांगता बाजूला बसलो. त्यात आर.ई.एम.चा मायकेल स्टाइप गातो. तोच, ज्याला मी माजघरात पहिल्यांदा पाहिलं होतं. त्याचा तो किंचित घोगरा, घशात अडकल्यासारखा आवाज सुरू झाला. आई वाटाणे सोलत होती. थोड्या वेळानं दुसरा आवाज आला आणि तिचे हात थांबले. आशाबाई.

ती काही बोलली नाही. गाणं संपेपर्यंत शेंग तशीच बोटांत राहिली. मग म्हणाली, ‘त्या पोराच्या गळ्याला जवारी आहे रे. परत लाव.’