लातूरचे आठ तुकडे

नांदेड-लातूरकडच्या डीटीपीवाल्यांना हा प्रकार नवा नाही. गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर जुन्या शपथपत्राची किंवा लग्नपत्रिकेची फाइल आणतं. ती उघडली की मराठीऐवजी पडद्यावर युरोप उतरतो: डोक्यावर तिरकी रेघ असलेले मोठे ई, तसलेच यू, मधूनच गोलातला आर. गिऱ्हाईक म्हणतं, फाइल करप्ट झाली. ऑपरेटर न बोलता फॉन्ट टाकतो आणि मराठी परत येते.

फाइल धडधाकटच असते, घोळ जागेचा असतो. १९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतात १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजीतच संपल्या. फ्रेंच-जर्मनांना आपली रेघांची, टिंबांची अक्षरं हवी होती. त्यांची सोय १२८ च्या पुढच्या जागांत झाली आणि १९८७ च्या आयएसओ ८८५९-१ या मानकाने ती पक्की केली. रेघवाला लहान ई २३३ वर, मोठा २०१ वर. देवनागरीच्या वाट्याला त्यात एकही जागा नव्हती. मग आपल्याकडच्या फॉन्टवाल्यांनी क्रमांक तेच ठेवले आणि त्यांच्यामागची चित्रं बदलली. फ्रेंचांच्या खोलीत मराठी पोटभाडेकरू राहायला आले.

पुण्याच्या सी-डॅकच्या ‘सुरेख’ फॉन्टमध्ये २०१ वर काना बसला. ल, त यांच्यासारख्या अक्षरांचा उभा दंडही तोच. त्यामुळे ‘लातूर’ लिहिलं की फाइलमध्ये काय साठतं पाहा: ल च्या डाव्या भागासाठी अधिक-उण्याचं चिन्ह, मग त्याचा दंड, मग काना, त चा डावा भाग म्हणून इंग्रजी लहान आय, पुन्हा दंड, दीर्घ उकारासाठी रेघवाला मोठा यू, आणि र साठी दोन चिन्हं, गोलातला आर नि रेघवाला लहान यू. एका गावाचे आठ तुकडे! छापून येणारा लातूर मात्र देखणा, म्हणून कित्येक वर्षं कुणाची तक्रार नव्हती. अडचण आली ती शोधताना आणि दुसऱ्या संगणकावर पाठवताना.

१९९१ चं इस्की हे भारतीय मानक चित्रं नव्हे तर अक्षरं साठवणारं होतं. त्याच वर्षी निरनिराळ्या लिप्यांना स्वतःचे क्रमांक देणारं युनिकोड आलं; त्यात लातूर पाच क्रमांकांत मावतो. विंडोज २००० पासून ते नेहमीच्या संगणकांवर चालूही लागलं. तरी छपाईच्या धंद्यात जुने फॉन्ट टिकले, कारण बोटांना त्यांचीच सवय. फ्रेंच माणसाच्या कीबोर्डवर रेघवाल्या ई ला स्वतःची कळ असते. साध्या इंग्रजी कीबोर्डवर विंडोजमध्ये ऑल्ट दाबून ०२३३ मारावं लागतं. जुन्या मराठी फॉन्टवर हात बसलेला ऑपरेटर अडलेलं जोडाक्षर नेमकं असंच काढतो.

गंमत म्हणजे नांदेडला रोमन अक्षरांवरच्या रेघा पूर्वीच चिकटल्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये हैदराबाद संस्थानातल्या या गावाचं नाव ‘नांदेर’ असं येतं, ए वर आडवी रेघ देऊन. हा आडव्या रेघेचा ए ८८५९-१ मध्ये नाही. तिथे फक्त पश्चिम युरोपची सोय होती.

युनिकोडनेही सगळं मिटलेलं नाही. रेघवाला ई एका क्रमांकाने लिहा किंवा साधा ई आणि वर सुटी रेघ अशा दोन क्रमांकांनी. दोन्ही एकच, असं युनिकोड मानतं. ‘दऱ्या’तल्या ऱ चंही तसंच: सलग ऱ आणि र खाली नुक्ता समान. पण मराठीचा ॲ २००८ मध्ये युनिकोड ५.१ बरोबर आला, तोवर लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते, आणि या दोन रूपांना ही सवलत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. वकिलांची यादी काढून ‘ॲड.’ शोधा: एका पद्धतीने टाइप केलेली नावं सापडतात, दुसरीची तिथेच असून सापडत नाहीत. जाणता ऑपरेटर दोन्ही तऱ्हांनी शोधतो.