तडजोडीच्या सहीआधी दवाखान्याचं बिल बघा

केदारखेड्याच्या बैठकीत एका ताईनं आम्हाला विचारलं, "मालकांच्या अपघाताची भरपाई मिळाली, तरी दवाखान्यातून उरलेल्या बिलासाठी फोन येतात. ते विमा कंपनीनं भरायचं ना?"

उत्तर कडू आहे. ते आपल्यालाच भरावं लागतं. दावा असतो समोरच्या गाडीचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्यावर. दवाखाना त्यात नसतोच. भरपाई आपल्या खात्यात येते आणि दवाखान्याची उधारी तशीच राहते. भरती करताना कुणी जामीन म्हणून सही केली असेल, तर त्याच्याकडेही पैसे मागता येतात. शेजारधर्म जरूर पाळा, पण कागद वाचून.

मग चुकतं कुठे? आपण वकिलांना फक्त भरलेल्या पैशांच्या पावत्या देतो. थकलेलं बिल घरीच राहतं. खरं तर तेही खर्चात धरायचं असतं. पायात रॉड घातला असेल, तर तो काढायच्या ऑपरेशनचा अंदाजही डॉक्टरांकडून लिहून घ्या. समजा, लोकअदालतीत दोन लाखांवर तडजोड झाली. दवाखान्याचे ऐंशी हजार आणि गटाचं तीस हजारांचं कर्ज फेडलं की हाती उरतात नव्वद हजार, आणि माणूस अजून काठी धरून चालतोय! लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नाही. म्हणून ही बेरीज सहीच्या आधी करायची.

घरात मेडिक्लेम असेल तर तो लपवू नका. त्याचे मिळालेले पैसे उपचाराच्या भरपाईतून कापायचे नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये सांगितलंय.

मुळात बिल वाढूच नये म्हणून भरती करतानाच दोन गोष्टी विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजना इथे चालते का? आणि रस्ता अपघातासाठी केंद्राची २०२५ ची योजना? तिच्यात ठरलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार रोख न भरता होतो.

सही होऊन गेली असेल, तर दवाखान्याकडून बाबवार बिल मागा आणि हप्ते पाडून घ्या. दवाखाना वसुलीसाठी कोर्टात जाऊ शकतो, पण बिलापायी रुग्णाला अडकवून ठेवू शकत नाही.

दावा अजून केलाच नसेल, तर कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिने आहे. बाईला विधी सेवेकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. भोकरदनच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना एफआयआर, डिस्चार्ज कार्ड आणि सगळी बिलं, भरलेली आणि न भरलेली, एकाच पिशवीत न्या.