वाऱ्याची रात्र आणि तंबूतली शेगडी

हिवाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या माळांवर तंबू ठोकून सहकुटुंब रात्र काढण्याची हौस अलीकडे वाढली आहे. जव्हार सुमारे दीड हजार फूट उंचीवर, सूर्यमाळचा परिसरही तसाच उघडा. रात्री वारा सुटला की तंबू उडेल का, याचीच सर्वांना काळजी. डॉक्टर म्हणून मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

आपल्या अंगालगत उबदार हवेचा पातळ थर असतो. वारा तो सतत उडवून नेतो, म्हणून थंडी असते त्याहून जास्त बोचते. लहान मुलांच्या शरीरातील उष्णता तर फार लवकर जाते. मग मुले कुडकुडू लागली की वडीलमंडळी तंबूची सर्व दारे बंद करतात आणि निखाऱ्यांची शेगडी किंवा गॅसचा स्टोव्ह आत घेतात. खरा धोका इथे आहे.

बंद जागेत जळणाऱ्या कोळशातून, लाकडातून व गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. ज्वाळा विझून नुसते निखारे राहिले तरी तो निघतच असतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामण येथे केरळचे आठ पर्यटक गॅस हीटर लावून बंद खोलीत झोपले होते. ते सर्व दगावले. त्यांत चार मुले होती.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गुंगी ही याची लक्षणे. घाटातील प्रवासाने त्रास झाला असेल, असे समजून आपण दुर्लक्ष करतो. पण एकाच वेळी दोघा-तिघांना असे होऊ लागले, तर सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, १०८ क्रमांकावर फोन करावा व रुग्णालय गाठावे. तेथे प्राणवायू देतात. कोरोनाच्या काळात घरोघर आलेल्या ऑक्सिमीटरवर येथे विसंबू नये. या विषबाधेत तो आकडा चांगलाच दाखवू शकतो.

मग ऊब कशी मिळवावी? जमिनीवर जाड सतरंजी किंवा गवताच्या पेंढ्या अंथराव्यात, कारण थंडी खालूनही येते. ओले कपडे बदलावेत, कानटोपी व मोजे घालावेत, मुलांना मध्ये झोपवावे. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवावी. दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. उलट अंगातील उष्णता बाहेर जाते.

तंबू आडोशाला, पण वाळक्या फांद्यांखाली नको. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस असावे. सर्व खुंट्या ठोकून दोर ताणावेत व हवेची झडप उघडी ठेवावी. मात्र झडप उघडी आहे म्हणून शेगडी आत चालेल, असे कदापि समजू नये. तंबूच्या काठ्या वाकू लागल्या, तर सामानाचा मोह सोडून मुलांसह जवळच्या घरात जावे. पाड्यावरचे लोक अशा वेळी दार लावून घेत नाहीत.