'द जॉर्ज' आणि त्याचे चालक

लंडन ब्रिजकडून बरो हाय स्ट्रीटने दक्षिणेला निघालं, की डाव्या हाताला एक बोळ लागतो. आत फरसबंद अंगण आणि त्याच्या कडेला लाकडी सज्जांची, जुनाट, लांबट इमारत. हा 'द जॉर्ज'. घोडागाड्यांच्या काळातल्या सज्जेवाल्या सरायांपैकी लंडनमध्ये आता हा एकच पब उरला आहे. त्याच्या लाकूडकामाचं कौतुक पुष्कळ होतं, पण तो चालवणाऱ्यांची आठवण सहसा कुणी काढत नाही. तो टिकला तो त्यांच्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

सदर्कमधल्या या रस्त्यावर सरायांची रांगच होती. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होईपर्यंत दक्षिणेकडून लंडन शहरात शिरायला लंडन ब्रिज हाच पूल होता आणि रात्री त्याची दारं बंद होत. केंट-ससेक्सकडून उशिरा आलेला प्रवासी साहजिकच अलीकडच्या काठावर उतरे. जॉन स्टोने १५९८ मध्ये लंडनचं वर्णन लिहिलं, त्यात या सरायांच्या नावांत 'जॉर्ज' आहे. शेजारच्या 'टॅबर्ड' सरायीतून कवी चॉसरच्या काव्यातले यात्रेकरू कँटरबरीला निघतात. त्यांना गोष्टी सांगायला लावणारा हॅरी बेली हा निव्वळ कविकल्पना नव्हे. या नावाचा सरायवाला चौदाव्या शतकात सदर्कमध्ये खरोखर होता आणि १३७६ मध्ये तो तिथून पार्लमेंटवर निवडूनही गेला होता. सरायवाल्याचं गावातलं वजन केवढं असे, हे यावरून कळतं.

'जॉर्ज'च्या चालकांत मला सर्वात मोठा वाटतो तो मार्क वेलंड. १६६६ ची लंडनची प्रसिद्ध आग नदीच्या या काठावर आली नव्हती. सदर्कची आग लागली ती दहा वर्षांनी, मे १६७६ मध्ये. सुमारे पाचशे घरं गेली, 'जॉर्ज' बेचिराख झाला. वेलंड होता भाडेकरू. हात झटकून तो निघून जाऊ शकला असता. त्याने पदरच्या पैशाने सराय पुन्हा उभी केली, आणि मोबदल्यात जागामालकाने पट्टा लांबवून भाडं उतरवलं: वर्षाला ५० पौंड आणि साखरेची एक ढेप. आज आपण जे सज्जे बघतो, ते त्या कराराचं फळ. भाडेकरूने आपलं भांडवल असं परक्याच्या जमिनीत ओतायला किती धीर लागला असेल!

पुढचा दीड शतकाचा काळ भरभराटीचा. अंगणात गाड्या जुंपल्या जात, तबेले भरलेले असत, केंटच्या मळ्यांतून बिअरसाठी लागणारे हॉप्स सदर्कच्या बाजारात येत. मग १८३६ मध्ये जवळच लंडन ब्रिज स्टेशन झालं आणि घोडागाड्यांचे दिवस भरले. या पडत्या काळात 'जॉर्ज' सांभाळला बायकांनी. चालक वेस्टरमन स्कोलफील्डच्या मागे त्याची विधवा फ्रान्सिस हिने कारभार चालवला. शतकाच्या उत्तरार्धात अमेलिया मरे आली आणि तिच्यानंतर तिची मुलगी ॲग्नेस.

मरे मायलेकींच्या काळात जागा ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या ताब्यात होती. कंपनीला पबशी देणंघेणं नव्हतं, तिला मालाची गोदामं हवी होती. १८८९ च्या सुमारास अंगणाभोवतीच्या तीन बाजूंपैकी दोन पाडल्या गेल्या. 'टॅबर्ड' त्याआधीच गेला होता. डिकन्सने 'पिकविक पेपर्स'मध्ये सॅम वेलरला ज्या 'व्हाइट हार्ट'च्या अंगणात आणलं, तोही त्याच सुमारास गेला. 'जॉर्ज'ची दक्षिणेकडची बाजू तेवढी राहिली, आणि तिच्यात दिवा लावणारं कुणीतरी होतं म्हणूनच राहिली. रिकामी वास्तू पाडायला किती वेळ लागतो?

ॲग्नेस मरेने विसाव्या शतकात ही एका बाजूपुरती उरलेली सराय नेटाने चालवली. डिकन्सचे चाहते तिथे जमू लागले ('लिटल डॉरिट'मध्ये 'जॉर्ज'चा उल्लेख आहे), अंगणात शेक्सपिअरची नाटकं होऊ लागली. इमारतीचं मोल लोकांच्या ध्यानात आलं ते या वर्षांत. १९३७ मध्ये रेल्वे कंपनीने ती नॅशनल ट्रस्टला दिली. ती आज पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे.

लंडनला गेलात तर दुपारच्या वेळी तिथे जरूर जा. प्यायलाच हवं असं नाही, जेवण मिळतं. सज्जांचे फोटो तर काढालच, पण वेलंड, फ्रान्सिस स्कोलफील्ड आणि मरे मायलेकी ही नावं लक्षात ठेवून आत शिरा.