ओव्हनचा कांटा आणि साखरेची साक्ष

गेल्या दिवाळींत आमच्या बारामतीच्या घरीं नानकटाईचे तीन घाणे उतरले, ते तिन्ही खालून काळे व मध्यें कच्चे. प्रमाण आमच्या मातोश्रींच्या वहींतलें, अनेक वर्षें वापरलेलें. तरी सौभाग्यवतींनीं त्या वहींतील तुपाच्या मापावर काट मारली आणि पीठ वाढवून पाहिलें. चौथा घाणाही बिघडला. आपला हातच गेला असें त्या म्हणूं लागल्या.

भाऊबीजेस इंदापुरास दिलेली आमची धाकटी बहीण आली. तिच्याकडे त्याच वहीची नक्कल आहे, आणि तिच्या नानकटाया फिकट बदामी व खुसखुशीत होतात. ती म्हणाली, "वहिनी, वहीला कां दोष देतां? आधीं ओव्हन खरें बोलतो का तें पाहूं या."

परीक्षा अगदीं साधी आहे. साखर सुमारे १८६ अंश सेल्सियसला वितळते. ओव्हनचा कांटा १७५ वर ठेवून तो वीस मिनिटें तापूं द्यावा, आणि चमचाभर कोरडी साखर मधल्या कप्प्यांत पंधराच मिनिटें ठेवावी. ती कोरडी राहिली पाहिजे. मग कांटा १९० वर नेऊन ताजी साखर ठेवावी. ती वितळली पाहिजे. आमची साखर १७५ वरच मधासारखी झाली!

उसाच्या मुलखांत ही युक्ति नवी वाटूं नये. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथें ऊस वाढला, गुऱ्हाळें लागलीं. गुळव्या काहिलींतील पाकाचा थेंब थंड पाण्यांत टाकून त्याची गोळी होते का पाही, आणि पाक सुमारें ११८ अंशांवर आल्याचें उष्णतामापकावांचून ओळखी.

साखर मात्र 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच सांगते. चूक किती, हें कळण्यास ओव्हनमध्यें ठेवण्याचा उष्णतामापक हवा. तो मध्यभागीं ठेवून ओव्हनचा दिवा दोन-तीनदां मालवेपर्यंत थांबावें, मग पांच-पांच मिनिटांनीं चार-सहा आंकडे कांचेंतून वाचावे. दार उघडूं नये. नियंत्रक वीज तोडतो व जोडतो, त्यामुळें उष्णता वर-खालीं होणारच; म्हणून सरासरी घ्यावी. आमचा कांटा १८० वर असतां सरासरी २०५ आली.

एक घोटाळा आमच्या भागांतला. शेतीचे पंप सुरू झाले कीं विजेचा दाब पडतो. तो २३० व्होल्टवरून १८४ वर आला, तर तारेची शक्ति ६४ टक्केच उरते, कारण ती दाबाच्या वर्गाप्रमाणें घटते. ओव्हन अखेर तापतो, पण फार उशिरां. तेव्हां ही परीक्षा दाब स्थिर असतांना करावी.

कांहीं ओव्हनांत बटणामागें स्क्रू असतो, कांहींत माहितीपुस्तकांत सांगितल्याप्रमाणें आंकडा सुधारतां येतो. आमच्यांत दोन्ही सोयी नव्हत्या, आणि ओव्हन उघडून आंत हात घालणें हें घरगुती काम नव्हे. आम्हीं तबकडीवर १५५ पाशीं नखांच्या लाल रंगाचा ठिपका दिला. पुन्हा मोजलें तेव्हां १८० च्या आसपास आलें. चूक सर्व आंकड्यांवर सारखीच असते असें नाहीं, म्हणून २२० साठीं निराळा ठिपका द्यावा लागला.

पांचवा घाणा चांगला उतरला. सौभाग्यवतींनीं वहींतील काट पुसण्याचा यत्न केला, पण ती शाईची होती. तिच्याखालीं मातोश्रींचें "पाव शेर तूप" अजून वाचतां येतें.