बंद पडणारा प्रोग्रॅम : आजार नव्हे, लक्षण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर प्रयोगशाळेचे रिपोर्ट दिसतात. पेशंटचा नंबर टाकायचा, रिपोर्ट बघायचा, केस पेपरवर उतरवून घ्यायचा. हा प्रोग्रॅम एके दिवसापासून मध्येच बंद पडू लागला. उघडला की दोन-तीन मिनिटे चालायचा आणि काहीही न सांगता पडद्यावरून नाहीसा व्हायचा. पुन्हा उघडला की पुन्हा तेच. शेवटी सिस्टरांनी मॉनिटरवर एक कागद चिकटवला : ‘बंद पडल्यास पुन्हा सुरू करावे.’ तीन आठवडे आम्ही सगळ्यांनी ती सूचना निमूटपणे पाळली. मीसुद्धा.

मग एका संध्याकाळी मूत्रपिंडाच्या आजाराच्या एका पेशंटचे रक्त तपासायला गेले. रिपोर्ट तयार होता, पण आमचा रेसिडेंट तो पाहायला गेला की प्रोग्रॅम बंद. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि ‘थोड्या वेळाने बघू’ म्हणून दुसऱ्या पेशंटकडे गेला. तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या टेक्निशियनने वॉर्डात फोन केला. पोटॅशियम ६.९ होते. ते साधारण ३.५ ते ५ असावे लागते. इतके वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून पेशंट क्षणात जाऊ शकतो. ताबडतोब कॅल्शियमचे इंजेक्शन दिले, रात्रीच डायलिसिस केले आणि पेशंट वाचला. पण त्या टेक्निशियनने फोन केला नसता तर?

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर विभागातला एक तरुण आला. खुर्चीवर बसण्याआधी त्याने विचारले, ‘सर, हे कधीपासून होतंय? त्याच्या आधी नवीन काय झालं? फक्त हाच प्रोग्रॅम बंद पडतो की सगळेच? बाकीच्या वॉर्डांत काय परिस्थिती आहे?’ मी ओशाळलो. हेच प्रश्न मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. ताप हा आजार नाही, लक्षण आहे. कारण न शोधता नुसती तापाची गोळी देत राहू नका, असे मी सांगतो. आणि इथे मी तीन आठवडे तापाचीच गोळी देत होतो.

प्रोग्रॅम बंद पडण्याची कारणे अनेक असतात आणि बहुतेक वेळा ती साधी असतात. डिस्क भरलेली असते, मेमरी अपुरी पडते, एखादे अपडेट अर्धवट राहिलेले असते, प्रोग्रॅमची एखादी फाइल खराब झालेली असते किंवा पंख्यात धूळ साचून मशिन तापत असते. म्हणून आधी विभागणी करायची. घरात एकालाच जुलाब झाले तर त्याने बाहेर काय खाल्ले ते विचारतो. सगळ्यांना झाले तर पाण्याची टाकी बघतो. तसेच इथे. एकच प्रोग्रॅम बंद पडत असेल तर तो काढून मूळ, खात्रीच्या ठिकाणाहून पुन्हा बसवून पाहावा. सगळेच बंद पडत असतील तर दोष मशिनचा असू शकतो. सगळ्याच मशिनवर एकाच वेळी होत असेल तर नेटवर्क किंवा सर्व्हर तपासावा.

विंडोज आपला केस पेपर स्वतःच लिहून ठेवते, हे मला तेव्हा कळले. स्टार्टच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ असे टाइप केले की तारीखवार तक्ता उघडतो. कोणता प्रोग्रॅम कधी बंद पडला आणि त्याआधी काय नवीन बसवले गेले, ते त्यात दिसते. आमच्या तक्त्यात एका सोमवारपासून रोज लाल फुल्या होत्या.

मग मालवेअरचा, म्हणजे घुसखोर प्रोग्रॅमचा संशय कधी घ्यायचा? त्या तरुणाने मला दाखवले ते असे. अँटिव्हायरसचे चिन्ह कोपऱ्यातून गायब होते, आणि ते आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आले नव्हते. टास्क मॅनेजर उघडत नव्हता. मशिन ‘सेफ मोड’मध्ये सुरू होत नव्हते. साधा बिघाड निवडून निवडून पहारेकऱ्यांनाच बंद करत नाही. एचआयव्ही जसा शरीराच्या संरक्षक पेशींवरच हल्ला करतो, तसेच हे. २००३पासून माहीत असलेला ‘सॅलिटी’ हा व्हायरस नेमके हेच करतो : प्रोग्रॅमच्या फाइलींना चिकटतो, अँटिव्हायरस बंद पाडतो आणि पेन ड्राइव्हवरून पुढच्या मशिनवर जातो. २००८ साली पसरलेला ‘कॉन्फिकर’ तर अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइटच उघडू देत नसे. बाकी साइट उघडतात आणि नेमक्या त्याच उघडत नाहीत, हेही म्हणून एक लक्षण समजावे.

त्याने लगेच नेटवर्कची वायर काढली. मग आमच्या टेबलावरचे पेन ड्राइव्ह मागितले. त्यांतल्या एकामध्ये फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसत होते. तो पेन ड्राइव्ह माझा होता. परिषदेसाठीचा मजकूर छापायला मी तो एका झेरॉक्सच्या दुकानात दिला होता आणि सोमवारी सकाळी तोच वॉर्डातल्या मशिनला लावला होता. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी दाखवून दिले की, बाळंतिणींचा ताप डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांवरून पसरतो. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. आमच्या वॉर्डातही संसर्ग डॉक्टरच्याच हातून आला होता.

असा संशय आला तर काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, मशिन वेगळे करा. वायर काढा किंवा वायफाय बंद करा. त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशिनवरून बदला.

दुसरे, पूर्ण तपासणी करा. विंडोजमधल्या डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ची सोय आहे. त्यात विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे घुसखोराला लपायला कमी वाव मिळतो. सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या साइटवरही मोफत साधने आहेत. मात्र दोन अँटिव्हायरस एकत्र बसवू नका. ते एकमेकांच्याच आड येतात.

तिसरे, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ अशी पाटी पडद्यावर आली तर तो फोन कधीही करू नका. ती फसवणूक असते. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

चौथे, मशिन साफ होत नसेल तर हट्ट करू नका. आपली कागदपत्रे आणि फोटो काढून घ्या, ते तपासा, मग डिस्क पुसून सगळे नव्याने बसवा. आमच्या मशिनचे शेवटी तेच करावे लागले.

प्रतिबंध मात्र उपचारापेक्षा स्वस्त पडतो. ‘वॉनाक्राय’ने १२ मे २०१७ रोजी जगभर हाहाकार उडवला, त्याला अडवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ते न बसवलेल्या इंग्लंडमधल्या रुग्णालयांना मोठा फटका बसला आणि अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस तिथली कामे कागदावर करावी लागली. अपडेट म्हणजे लसच. ती वेळेवर घ्यावी. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि ती डिस्क काम झाले की काढून ठेवावी. फुकटात मिळणारी चोरीची सॉफ्टवेअर बसवू नयेत.

आमच्या मॉनिटरवर आता नवा कागद आहे. सिस्टरांनीच लिहिला आहे : ‘एकदा बंद पडला तर पुन्हा सुरू करावे. दुसऱ्यांदा पडला तर लगेच कळवावे. रिपोर्टसाठी प्रयोगशाळेला फोन करावा.’ खाली लाल शाईत आणखी एक ओळ आहे : ‘बाहेरचा पेन ड्राइव्ह लावू नये.’ ती कुणाला उद्देशून आहे, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे.