ऑगस्टमध्ये निघायचंय, मेमध्ये काय करायचं?
परदेशातल्या ‘एक्स्चेंज’ वर्षाबद्दलचे समज आणि वस्तुस्थिती

दहावी-अकरावीतलं एखादं मूल ऑगस्टमध्ये वर्षभरासाठी परदेशी एक्स्चेंजवर जाणार असेल, तर मे महिन्यातच त्या घरात मोठी बॅग येऊन पडलेली असते आणि सल्ल्यांना ऊत आलेला असतो. खरं तर बॅग भरणं हे जुलैअखेरचं दोन दिवसांचं काम. मे-जूनमध्ये जे व्हायला हवं ते मात्र राहून जातं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतो, चुकीची माहिती असते. जाणाऱ्या मुलांच्या आणि पालकांच्या तयारीच्या बैठकांना मी स्वयंसेवक म्हणून बसते. तिथे कानावर येणारे समज शहर बदललं तरी बदलत नाहीत.

‘आमचा मुलगा अमेरिकेला शिकायला चाललाय’

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. मूल शाळेत जातं हे खरं, पण हे वर्ष परदेशी शिक्षणाचं नाही. दुसऱ्या देशातल्या एका घरात, त्या घरचं माणूस होऊन राहण्याचं ते वर्ष आहे. ‘एएफएस’ ही या क्षेत्रातली जुनी संस्था पहिल्या महायुद्धात जखमींना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांनी उभी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, याच लोकांनी शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. एकमेकांच्या घरात राहिलेली, जेवलेली मुलं पुढे एकमेकांवर बंदुका रोखणार नाहीत, ही त्यामागची श्रद्धा. रोटरीची युवा देवाणघेवाण १५ ते १९ वयाच्या मुलांसाठी आहे आणि तिचाही गाभा घर हाच आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची ‘केनेडी-लुगर’ शिष्यवृत्ती ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००२ मध्ये सुरू झाली, तीही माणसं माणसांना कळावीत म्हणूनच.

एवढं लक्षात घेतलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप मिळतात. तिथल्या शाळेची पदविका मिळेल का? अमेरिकेत तिची हमी नसते. पुढे तिथल्या विद्यापीठात प्रवेश सोपा होईल का? या वर्षाचा त्याच्याशी थेट संबंध नाही. अमेरिकेच्या ‘जे-१’ व्हिसावर शाळकरी एक्स्चेंजला जायचं तर वय १५ ते साडेअठरा हवं आणि शालेय शिक्षणाची ११पेक्षा जास्त वर्षं पूर्ण झालेली नसावीत. म्हणजे बारावी झालेल्यांना हा रस्ता बंद. शिवाय एकदा असं वर्ष करून आलेल्याला ते पुन्हा करता येत नाही.

आपल्याकडच्या अकरावीचं काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचं उत्तर विमानतळावर शोधायचं नसतं. तिकडे काढलेलं वर्ष इथे अकरावी म्हणून धरलं जाईल, असं गृहीत धरू नका. दहावीनंतर जाणारी बरीच मुलं परत येऊन अकरावीला बसतात. वर्गातली मुलं एक वर्ष पुढे गेलेली असतात, याचं पालकांना जितकं वाईट वाटतं तितकं मुलांना वाटत नाही, हे मी पाहिलंय. कनिष्ठ महाविद्यालयाशी बोलणं जूनमध्येच करा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारे प्राचार्य वर्षभरात बदललेले असू शकतात.

‘पासपोर्ट आहे, लसी लहानपणीच झाल्यात’

पासपोर्ट उघडून मुदत पाहा. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत चालतो. ज्या मुलीचा अठरावा वाढदिवस फेब्रुवारीत आहे, तिचा पासपोर्ट ऐन वर्षाच्या मधोमध, परक्या गावात संपणार. १५ ते १८ वयाच्या अर्जदारांना दहा वर्षांच्या मुदतीचा पासपोर्ट मागता येतो. व्हिसाच्या आधी हे काम उरकलं तरच उपयोग, कारण व्हिसा त्याच पासपोर्टवर लागतो.

लसींच्या बाबतीत तर जवळपास प्रत्येक घरात गडबड होते. आपण लसी दिल्या होत्या यात शंका नाही. प्रश्न असा की तिकडची शाळा ज्या लसी मागते, त्या याच का? अमेरिकेत प्रत्येक राज्य शाळाप्रवेशासाठी लसींची यादी ठरवतं आणि ती पुरी झाल्याशिवाय मुलाला वर्गात बसू न देण्याचा अधिकार शाळेला असतो. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला आहे, पण गालगुंडाची लस त्यात नाही. तिकडे मात्र तिन्हींची एकत्र लस, तीही दोन डोस, मागतात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. सोळाव्या वर्षी इथे मिळणारं इंजेक्शन धनुर्वात आणि घटसर्पाचं असतं, तर तिथल्या बहुतेक राज्यांना त्यात डांग्या खोकलाही हवा असतो.

आता दिवस मोजा. कांजिण्यांचे दोन डोस तेरा वर्षांवरच्या मुलांना किमान चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. कांजिण्यांची आणि गोवराची लस, दोन्ही जिवंत लसी, एकाच दिवशी दिल्या नाहीत तर त्यांच्यातही चार आठवडे जावे लागतात. हिपॅटायटिस बी राहिली असेल तर तिच्या तीन डोसांना साधारण सहा महिने जातात. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन हे जमत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात, हिपॅटायटिस बी सोडली तर, जमतं.

क्षयाच्या चाचणीचंही असंच. आपल्या मुलांना जन्मल्यावर बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हाताच्या कोपराखालच्या भागावर टोचून करायची चाचणी क्षय नसतानाही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते, आणि मग छातीचे एक्स-रे, खुलासे, धावपळ. रक्तातून होणाऱ्या ‘इग्रा’ चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. संस्थेला विचारून तीच करून घेतलेली बरी.

आणि ती लसींची वही. कोपरे दुमडलेली, रबरी शिक्का पुसट झालेली, दोन पानांना तेलाचे डाग. तिच्यावरून डॉक्टरांकडून स्वच्छ, टंकलिखित तक्ता करून त्यावर सही-शिक्का घ्या, आणि महिना आकड्यात न लिहिता अक्षरांत लिहायला सांगा. आपण ०५/०८ लिहितो ते ५ ऑगस्ट. अमेरिकेतली शाळेची नर्स ते ८ मे असं वाचते. मग तिच्या हिशेबात दोन डोसांमधलं अंतर कमी पडतं आणि ती लस पुन्हा घ्यायला सांगते.

‘पहिले दोन महिने घरचं खाणं पुरायला हवं’

या वाक्यामागची माया मला कळते. पण सीमाशुल्क अधिकाऱ्याला ती कळणार नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सिंगापूरमध्येही आहे. आपली कितीतरी मुलं दुबई किंवा अबू धाबीवरून जातात. अनारशांवर खसखस असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण घरच्या गोड्या मसाल्यातही अनेक जणी खसखस घालतात, हे बॅग भरताना कुणाच्या लक्षात येत नाही. सुकं खोबरं तेलकट आणि ज्वालाग्राही म्हणून सामानात चालत नाही. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे तुपाचा डबा गेला, पेढेही गेले. ऑस्ट्रेलियात खाण्याचं जे काही जवळ असेल ते आधी जाहीर करावं लागतं, नाहीतर जबर दंड.

सोळा वर्षांच्या मुलाला परक्या विमानतळावर एकट्याने मसाल्याच्या पुडीचा खुलासा करायला लावू नका. त्यापेक्षा या सुट्टीत त्याला तिथे मिळणाऱ्या जिनसांचे तीन पदार्थ शिकवा. बटाट्याची साधी भाजी जगात कुठेही होते. शिऱ्याला लागणारा रवा, लोणी, दूध, साखर जर्मनीतल्या गावातल्या दुकानातही मिळते. खिचडीला तांदूळ आणि डाळ बहुतेक ठिकाणी मिळते, हळद मिळाली तर उत्तमच. नव्या घरात पहिल्या रविवारी ज्याने स्वतःच्या हाताने शिरा करून वाढला, त्याची त्या घराशी लवकर गट्टी जमते. आईने दिलेले लाडू मात्र मूल खोलीत बसून एकटंच खातं.

शाकाहाराबद्दल एवढंच, की तो अर्जात स्पष्ट लिहा, पण मूल घरी अंडं खात असेल तर ते लपवू नका. शाकाहारी मुलांनाही घरं मिळतात. फक्त ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. फळांच्या चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, जपानी सूपच्या पाण्यात माशाचा अर्क असतो, काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने बनवतात. काय चालतं आणि काय नाही हे घरात आत्ताच ठरवा, म्हणजे तिथल्या टेबलावर मुलाला एकट्याने धर्मसंकट सोडवत बसावं लागणार नाही.

‘त्या घराला पैसे मिळत असतील, मग काळजी घेतीलच’

एएफएस, रोटरी आणि अमेरिकेच्या ‘जे-१’ कार्यक्रमात यजमान कुटुंबाला मोबदला मिळत नाही. ती माणसं हौसेने, स्वतःच्या खर्चाने परक्या मुलाला जेवूखाऊ घालतात. म्हणूनच तिथे मूल पाहुणा नसतं आणि गिऱ्हाईक तर मुळीच नसतं. जेवणानंतर भांडी यंत्रात लावणं, आपले कपडे आपण धुणं, स्नानगृह वापरून कोरडं ठेवणं, बाहेर जाताना कुठे आणि कधी परत हे सांगून जाणं, या अपेक्षा सगळीकडे आहेत. आपल्या घरात हे सगळं बाई, आई किंवा आजी करत असेल तर ते शिकायला हीच सुट्टी आहे. माझ्या मते भाषेच्या क्लासइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, हे महत्त्वाचं आहे.

गाव निवडता येत नाही. देशाची पसंती देता येते, पण घर ज्या गावात मिळेल तेच आपलं गाव, आणि ते बहुधा लहान असतं. घराचं नाव जुलैअखेरीसही कळू शकतं. तोवर जीव टांगणीला लागतो, पण त्यात वावगं काही नाही. रोटरीत वर्षभरात एकाहून अधिक घरं मिळणं हा रिवाजच आहे. इतर ठिकाणीही घर बदलून मिळू शकतं आणि त्यात कुणाचा अपमान नाही.

‘तिकडे कुणाचं लक्ष नसणार’ ही भीतीही निराधार आहे. अमेरिकेत स्थानिक समन्वयक यजमान घरापासून १२० मैलांच्या आत राहणारा असावा आणि त्याने दरमहा विद्यार्थ्याशी संपर्क ठेवावा, असा सरकारी नियमच आहे. घरातल्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासली जाते. रोटरीचे चार ‘डी’ प्रसिद्ध आहेत: ड्रायव्हिंग, ड्रिंकिंग, ड्रग्ज आणि डेटिंग, चारही बंद. गाडी चालवली तर थेट परतीचं तिकीट. अडचणीत कुणाला फोन करायचा ते मुलाला पाठ हवं, आणि समन्वयकाशी बोलणं म्हणजे चुगली नव्हे, हे आई-वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. आपली मुलं मोठ्यांविषयी तक्रार करायला फार कचरतात.

‘इंग्रजी फर्डं आहे, चिंता नाही’

फ्रान्स, ब्राझील, जपान, जर्मनीत जेवणाच्या टेबलावर घर आपसात आपल्याच भाषेत बोलतं. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, इतर शहरांतही वर्ग मिळतात. दोन महिन्यांत भाषा येत नाही हे खरं, पण घरातले शब्द येतात: टॉवेल, चमचा, किल्ली, भूक, डोकं दुखतंय, मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का. परीक्षेच्या पातळीपेक्षा हे तोंडात बसवा.

‘सुरुवातीला मजा, आठवण दिवाळीला येईल’

हा समज एका जुन्या संशोधनातून पसरला. नॉर्वेच्या स्व्हेरे लिस्गार यांनी १९५५ मध्ये अमेरिकेला गेलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट विद्वानांवरून मांडलं, की सुरुवातीला आनंद, मग घसरण, मग सावरणं. ‘यू’ अक्षरासारखा हा आलेख आजही तयारीच्या बैठकांत दाखवतात. पण १९९८ मध्ये कोलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर माग काढला, तेव्हा सर्वांत जास्त त्रास पोहोचल्या पोहोचल्या, पहिल्याच टप्प्यात दिसला. तेव्हा पहिल्या आठवड्यात मुलगी फोनवर रडली तर काहीतरी बिघडलंय असं समजू नका, आणि रडली नाही म्हणून तिला घर नको झालंय असंही नाही.

रोज व्हिडिओ कॉलने आठवण कमी होते, हा मात्र पालकांचा समज आहे. तासभर फोनवर बसलेलं मूल तो तासभर त्या घरात नसतं. आठवड्यातून एक वार, एक वेळ जाण्याआधीच ठरवा. अडीअडचणीला फोन आहेच. जर्मनी-फ्रान्सशी उन्हाळ्यात आपलं साडेतीन तासांचं अंतर असतं. रविवारी आपल्या संध्याकाळी साडेसातला तिकडे चार वाजलेले असतात, घरात सगळे असतात, आणि बोलताना यजमान आईलाही दोन शब्द विचारता येतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि अंतर साडेचार तासांचं होतं, तेव्हा वेळ पुन्हा ठरवून घ्या.